१९८० : विजेते आणि अनुपस्थित

क्रीडास्पर्धांच्या नोंदवहीत विजेत्याचे नाव, त्याचे गुण आणि त्याची वेळ यांना स्थान असते; जे स्पर्धेत उतरलेच नाहीत, त्यांच्यासाठी तिच्यात रकाना नसतो. १९८० या वर्षाची नोंदवही वाचताना ही उणीव विशेष जाणवते. डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. त्याच्या निषेधार्थ अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले. अमेरिका, पश्चिम जर्मनी, जपान, कॅनडा, केनिया, चीन आदी अनेक देश दूर राहिले. १९ जुलै रोजी क्रीडासोहळा सुरू झाला, तेव्हा त्यात ८० देशांचेच खेळाडू होते.

या अनुपस्थितीचा परिणाम हॉकीत सर्वाधिक दिसून आला. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये पदके मिळविणाऱ्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि पाकिस्तान या तिन्ही देशांचे संघ मॉस्कोत नव्हते. माँट्रियलमध्ये सातव्या क्रमांकावर घसरलेल्या भारताने वासुदेवन भास्करन यांच्या नेतृत्वाखाली अंतिम सामन्यात स्पेनला ४-३ असे हरविले आणि आपले आठवे सुवर्णपदक मिळविले. हा विजय सहजसाध्य मात्र नव्हता. प्राथमिक फेरीत टांझानियावर १८ गोल चढविणाऱ्या याच संघाला पोलंड आणि स्पेन यांच्याशी २-२ अशा बरोबरीवर समाधान मानावे लागले होते. त्यानंतर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत भारताला हॉकीत पुन्हा सुवर्णपदक मिळाले नाही.

महिलांच्या हॉकीचा समावेश ऑलिंपिकमध्ये याच वर्षी प्रथम झाला. रिकाम्या झालेल्या जागेसाठी ऐनवेळी बोलाविलेला झिंबाब्वेचा संघ तेथे अजिंक्य ठरला. हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन महिने लोटले होते. बहिष्कार नसता, तर हा संघ मैदानावर उतरलाही नसता.

अशा विजयांचे मोल कसे ठरवावे? शंभर मीटरच्या शर्यतीत ब्रिटनचा ॲलन वेल्स पहिला आला, तेव्हा अमेरिकन धावपटू असते तर काय झाले असते, हा प्रश्न विचारला गेलाच. वेल्सने त्याचे उत्तर धावूनच दिले. ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतील एका शर्यतीत त्याने अमेरिकेच्या नामवंत धावपटूंना मागे टाकले. परंतु असे उत्तर देण्याची संधी प्रत्येक विजेत्याला मिळत नाही.

ऑलिंपिकबाहेरही क्रीडांगण नेहमी परिपूर्ण असते, असे नाही. मार्च महिन्यात प्रकाश पदुकोण यांनी लंडनमध्ये अखिल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकली. आधीची दोन वर्षे विजेता ठरलेल्या इंडोनेशियाच्या लिम स्वी किंग याला त्यांनी १५-३, १५-१० असे नमविले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या काळी चीन आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघाचा सदस्य नव्हता, त्यामुळे चिनी खेळाडू त्या स्पर्धेत नव्हते. तरीही किंगवरील तो विजय अस्सलच होता. जो समोर होता, तो त्या काळातील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक होता.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. विजेता फक्त समोर आलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवू शकतो. कोणी यावे आणि कोणी येऊ नये, हे ठरविणे त्याच्या हाती नसते. म्हणून अनुपस्थितांच्या नावाने त्याचे पदक हलके लेखणे अन्यायाचे होईल. परंतु अनुपस्थितांना विसरणे हाही तितकाच अन्याय आहे. चार वर्षे ज्या एका दिवसासाठी त्यांनी सराव केला, तो दिवस त्यांच्यावाचून उगवला आणि मावळला. खेळाडूच्या ऐन उमेदीची वर्षे थोडी असतात. अनेकांना पुढचे ऑलिंपिक लाभलेच नाही. १९८० चा इतिहास वाचताना पदकांच्या यादीशेजारी ही न लिहिलेली यादीही वाचकाने मनात ठेवावी.