साथीचा रोग आणि ख्रिस्ती धर्मविचार : जोखीम कोणाची?

धारच्या वैद्यकीय इतिहासात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांचे नाव आदराने घ्यावे लागते. १८९१ साली त्या भारतात आल्या आणि पुढे पवारांच्या या संस्थानात त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय चालविले. अशा व्यक्तींचे धैर्य सर्वांना दिसते; त्यामागील धर्मविचार मात्र आपण बिगरख्रिस्ती डॉक्टर क्वचितच वाचतो. कोविडनंतर मी तो वाचला. त्याला माझीच एक चूक कारण झाली; ती पुढे सांगतो.

१५२७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग येथे प्लेग पसरला. विद्यापीठ येना येथे हलविण्यात आले. मार्टिन ल्यूथर मात्र पत्नी गरोदर असतानाही तेथेच राहिले आणि त्यांच्या घरात रुग्णांची शुश्रूषा होऊ लागली. याच सुमारास ब्रेस्लाऊ येथील धर्मोपदेशक योहान हेस यांनी विचारलेल्या प्रश्नाला त्यांनी पत्ररूपाने उत्तर दिले. प्रश्न असा की, ख्रिस्ती मनुष्याने साथीपासून पळावे काय? ल्यूथर पळणाऱ्याला सरसकट भ्याड ठरवीत नाहीत. ज्याच्यावर इतरांचा भार आहे, मग तो धर्मोपदेशक असो, अधिकारी असो वा वैद्य, त्याने जागा सोडू नये. इतरांनी मागे राहिलेल्यांची व्यवस्था लावून खुशाल जावे.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटला तो पत्राचा दुसरा भाग. श्रद्धेच्या बळावर औषध नाकारणारा, संसर्गाच्या ठिकाणी कारणाविना जाणारा मनुष्य ल्यूथरांच्या मते श्रद्धावान नसून देवाची परीक्षा पाहणारा आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचे सैतानाचे आव्हान येशूने नाकारले, त्या प्रसंगाचाच हा धागा आहे. आणि जो आपला आजार लपवून चारचौघांत मिसळतो, त्याला तर ते खुन्याच्या पंक्तीत बसवितात. जंतू ठाऊक नसलेल्या काळात हे लिहिले गेले, हे विशेष! थोडक्यात, शेजाऱ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालता येतो. शेजाऱ्याचा जीव मात्र आपल्या धैर्याच्या हौसेपायी धोक्यात घालता येत नाही.

महाराष्ट्रात या विचाराची कसोटी १८९७ च्या प्लेगमध्ये लागली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातील दुष्काळातून आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवण्यास प्लेगच्या निर्बंधांमुळे मनाई झाली. त्या मुलींना घेऊन त्या केडगावच्या शेतावर गेल्या. हे पळणे नव्हे. भार अंगावर घेऊन जाणे होय. विलगीकरण आवश्यक असले तरी त्याच्या नावाखाली स्त्रियांची होणारी परवड त्यांना सहन झाली नाही. 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून त्यांनी सरकारला जाब विचारला. त्याच वर्षी, त्याच पुण्यात, सत्यशोधक सावित्रीबाई फुले प्लेगग्रस्तांना डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या उपचारकेंद्रात नेत असता स्वतः प्लेगने दगावल्या. तो दिवस १० मार्चचा. सेवेचा मक्ता कोणत्याच धर्माकडे नाही.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा प्रश्न रोजचाच. गोवराचा रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीतील हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. तरीही 'परीक्षा आहे' म्हणून अंगावर पुरळ असलेले मूल शाळेत पाठविणारे सुशिक्षित पालक आपल्याच समाजात आहेत. लस न घेतलेल्या मुलाची जोखीमही केवळ त्याच्या आईवडिलांची नसते. ती शेजारच्या घरातील सहा महिन्यांच्या, अद्याप लसीचे वय न झालेल्या बालकाचीही असते.

परंतु पालकांना बोल लावण्याआधी माझे सांगतो. एप्रिल २०२१ मध्ये माझा घसा दुखत होता, थोडा खोकला होता. रुग्णांची रीघ लागली होती. अशा वेळी घरी बसणे मला कर्तव्यच्युती वाटली. मी दोन दिवस दवाखाना चालविला. तिसऱ्या दिवशी तपासणीचा अहवाल पॉझिटिव्ह आला. नोंदवहीतील प्रत्येक घरी मी स्वतः फोन केला. त्यात एक आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, तुम्ही खोकत होतात ते मला दिसलं होतं. पण तुम्हाला कसं विचारायचं?"

आता घसा धरला की मी दवाखाना बंद ठेवतो आणि दारावर शेजारच्या गल्लीतील सहकाऱ्याचे नाव व वेळ लिहितो. त्याचे तसेच झाले, तर त्याचे रुग्ण माझ्याकडे येतात.