सायलोत सोयाबीन किती उरले?

प्रश्न : सायलोवर न चढता आतल्या सोयाबीनची पातळी कशी मोजावी? (वाचक, हिंगोली)

उत्तर : सोयाबीन सायलोत पाण्यासारखे सपाट बसत नाही. मधोमध भरताना त्याची शंकूसारखी रास होते. तळातून काढताना तिथेच खळगा पडतो. चूक होते ती इथेच. 6 मीटर व्यासाच्या सायलोत राशीचा उतार 27 अंश धरला, तर टोक कडेपेक्षा सुमारे दीड मीटर उंच असते. टोकालाच पातळी मानले, तर हिशेबात जवळपास 20 टन माल जास्त दिसतो. म्हणून सेन्सर भिंतीपासून त्रिज्येच्या एक तृतीयांश अंतरावर बसवावा. रास असो वा खळगा, तिथली उंची सरासरीइतकीच येते.

धुळीत अल्ट्रासोनिक सेन्सरचा प्रतिध्वनी क्षीण होतो. 80 गिगाहर्ट्झचा रडार अधिक भरवशाचा. सायलो भरल्याचा इशारा देणारा फिरत्या पात्याचा स्विच जोडीला असावाच. वजनच हवे असेल, तर पायांखाली लोडसेल बसवतात. ते उभारणीच्या वेळीच ठरवलेले बरे. पातळी पाहायला माणूस आत उतरवू नये. खालून माल निघत असेल, तर तो काही सेकंदांत दाण्यांत रुततो आणि गाडला जातो.