एका जाळीत कोणकोणते फिंच नांदतील?

प्रश्न : घरामागे १२ बाय ८ फुटांची जाळी उभारून आत झाडं लावली आहेत. झेब्रा, गोल्डियन, जावा आणि आपली लाल मुनिया एकत्र ठेवता येतील का?
– एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : लाल मुनियेचा विचार आधी सोडा. ती देशी, तिला पकडणं, विकणं, पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, दुकानदार काहीही सांगो.

जावाही इथे नको. वजनाला झेब्राच्या जवळपास दुप्पट, चोच दणकट. दाण्यावर तो लहानांना टिकू देत नाही. शिवाय तो वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या ‘साइट्स’ (CITES) कराराच्या यादीत असल्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

त्याऐवजी बंगाली फिंच घ्या, स्वभावाने अगदी गरीब. खरी खोडी झेब्राची. दुसऱ्याच्या मडक्यात गवत कोंबून त्याच्या अंड्यांवरच तो नवं घरटं रचतो! म्हणून झेब्राच्या दोनच जोड्या ठेवा. मडकी एकूण जोड्यांच्या दुप्पट हवीत आणि सगळी एकाच उंचीवर टांगा. उंचावरच्या मडक्यासाठीच भांडणं होतात. अंडी दिसली की जाळीतलं सुटं गवत काढून घ्या.

गोल्डियन भांडत नाही, पण परभणीकडची डिसेंबरची थंडी त्याला बाधते. वाऱ्याच्या बाजूने ताडपत्री बांधा. मे महिन्यात दुपारी ओलं गोणपाट हवंच.

बांबू, मेंदी चालेल. कण्हेर विषारी, ती उपटा. कोवळी पानं पक्षी कुरतडणारच, तेव्हा झाडं कुंडीत लावून आलटूनपालटून बाहेर काढा. राळ्यासोबत समुद्रफेण बारमाही ठेवा.