एक प्रत पुराच्या पलीकडे

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने चिपळूण शहर वेढले. घरांत, दुकानांत, कचेऱ्यांत पाणी शिरले. अशा प्रसंगी माहितीची दुसरी प्रत संगणकाशेजारच्याच कपाटात असेल, तर मूळ व प्रत दोन्ही एकाच वेळी जातात.

हार्ड डिस्क निकामी होण्यास पूरच यावा लागतो असे नाही. तिच्यातील चकत्या अतिशय वेगाने फिरतात आणि माहिती वाचणारे शीर्ष त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर तरंगत असते. एखादा धक्काही पुरेसा ठरतो.

म्हणून ‘तीन-दोन-एक’ हा नियम पाळावा : एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी अथवा क्लाउडवर. अधूनमधून ती प्रत उघडूनही पाहावी; संकटसमयी न उघडणारी प्रत नसल्यासारखीच होय.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा. वारंवार चालू केल्यास चकत्यांवर ओरखडे पडून उरलेली माहितीही नष्ट होऊ शकते. भिजलेली डिस्क वीज न जोडता, उन्हात न वाळवता तज्ज्ञांकडे सोपवावी. चुकून पुसलेली फाइल परत मिळवायची असेल, तर त्या डिस्कवर नवे काहीही साठवू नये.

ज्या माजी विद्यार्थ्यांपाशी वसतिगृहातील दिवसांची छायाचित्रे आहेत, त्यांनी त्यांची एक प्रत आजच दूरच्या एखाद्या वर्गमित्राकडे पाठवावी. ते दिवस पुन्हा टिपता येणार नाहीत.