पस्तीसच्या वरचा आकडा

१. ठळक छापलेला आकडा एकदा दिसला की रिपोर्टातलं बाकीचं काही वाचवत नाही. माझा सीए-१२५, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरसाठी रक्तात बघतात ते प्रथिन, आला ६८. शेजारी मर्यादा लिहिलेली, ३५. ही तपासणी कुणी सांगितलेली नव्हती, हेल्थ पॅकेजमध्ये आपोआप आली होती. डॉक्टरांकडे जाईपर्यंत लॉकरची किल्ली कुठे असते ते मी नवऱ्याला समजावून मोकळी!

२. हे प्रथिन निरोगी बाईच्या अंगातही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. गर्भाशयाच्या आणि पोटाच्या आतल्या अस्तरातही ते तयार होतं. अस्तराला त्रास झाला की आकडा चढतो: पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, पोटात साठलेलं पाणी. आपल्याकडे पोटाचा टीबीसुद्धा. त्यात आकडा शेकड्यांत जाऊ शकतो आणि सोनोग्राफीतही अंडाशयाच्या कॅन्सरचा भास होतो. डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा विचारलं, “रक्त दिलंत तेव्हा पाळी चालू होती?” होती की! रक्त घेणाऱ्या मुलाने फक्त “उपाशीपोटी आहात ना?” एवढंच विचारलं होतं.

३. डॉक्टर एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल बघतात. पाळी संपल्यावर पुन्हा रक्त, तेही त्याच लॅबमध्ये, कारण तपासणीची पद्धत बदलली की आकडाही हलतो. जोडीला सोनोग्राफी. निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो आणि पाळीत दुखतं. पाळीत गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून बसायचं, ही आमच्या घरची रीतच. त्या दुखण्याला औषध असेल असं आईलाही कधी वाटलं नाही.

४. माझ्या जावेचा आला १९. दहावीचे मार्क सांगावेत तसं तिने घरभर सांगितलं. पण अंडाशयाचा कॅन्सर अगदी सुरुवातीला असतो तेव्हा साधारण निम्म्या बायकांत हा आकडा नॉर्मलच असतो. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. २०२१ साली निष्कर्ष आला की लक्षणं नसताना अशी चाळणी लावून मृत्यू कमी होत नाहीत. निदान झालेल्या बाईला उपचार लागू पडताहेत का, हे बघायला मात्र हीच तपासणी कामाला येते.

५. तेव्हा पॅकेजच्या यादीत हे नाव दिसलं तर पैसे भरण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि पोट सारखं फुगत असेल, दोन घासांत भरल्यासारखं वाटत असेल, लघवीला सारखं जावं लागत असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी गायनॅककडे जा.