परभणीकडून सिडनीला येताय? बुशकेअरला नाव घाला

नोकरी, घर, लायसन्स यांच्या धावपळीत हे सुचायचं नाही, म्हणून आम्ही आधी आलेली कुटुंबं सांगतो: आपल्या कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ‘बुशकेअर’ गटात नाव घाला. पॅरामॅटा, हॉर्न्सबी, दोन्हीकडे असे गट आहेत. ठरलेल्या सकाळी दोन-तीन तास घराजवळच्या ओढ्याकाठचं, रानातलं बाहेरून आलेलं तण काढायचं. हातमोजे, अवजारं कौन्सिलची.

गावी फोनवर सांगाल तर “फुकट खुरपायला तिकडं गेलात का?” हे ऐकावं लागेल. ऐकून घ्या. जिंतूर-सेलूकडे ज्यानं बांधावरची घाणेरी तोडलीय, त्याला हे झुडूप नवं नाही. इथेही तिनंच रान गिळलंय, नाव लँटाना. पण दिसली की साफ, हे इथे चालत नाही. छोटे पक्षी तिच्यात आसरा घेतात; सगळी एकदम काढली तर ते उघड्यावर पडतात. म्हणून थोडी काढायची, तिथे इथला मूळचा झाडोरा वर येऊ द्यायचा, मग पुढची. सिडनीतल्याच मोसमनच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात बसवलेली ही रीत: रान चांगलं असेल तिथून सुरुवात, माती कमीत कमी उकरायची, झाडं परततील त्या चालीनं सरकायचं. वावर एका दमात निंदायची सवय असलेल्या हाताला हे फार जड जातं.

लांब बाह्या, फुलपँट, बंद बूट हवेत. तणनाशकाला शिकल्याशिवाय हात लावू नका. घरी आल्यावर केसांत, काखेत, कानामागे गोचीड बघा. गुरांची उपटतो तशी बोटांनी ओढायची नाही. दबली तर ॲलर्जीचा धोका. औषधाच्या दुकानात तिला जागीच गोठवणारा फवारा मिळतो. श्वास अडला, तोंड सुजलं तर लगेच ०००ला फोन.

मिळतं काय? चहाच्या सुट्टीत निवृत्त शेजारी निवांत बोलतात, आणि इथलं गिळून बोललेलं इंग्रजी कानाला तिथेच सरावतं. ओळख मुरली की नोकरीच्या अर्जावर ‘रेफरी’, म्हणजे आपली खात्री देणारा माणूस, म्हणून कुणाचं तरी नाव घालता येतं. नव्या माणसाला तेच नेमकं सापडत नसतं. आईवडील भेटीला आले तर त्यांनाही न्या, आधी व्हिसाच्या अटी वाचून.

असं फुकटचं काम आपल्याकडेही होतं: सुट्टीत गावी गेलात तर सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव बघा. बुजलेली ती बारव गावकऱ्यांनीच मोकळी केली. शेतात फिरला असाल तर परतताना बूट घासून धुवा आणि इथे उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर शेतात गेल्याचं लिहा. आपलं गाजरगवत क्वीन्सलँडमध्ये आधीच माजलंय, आणि त्याचं बी बुटाच्या मातीतून सहज येतं.