घरच्या घरी ठशाची छपाई

मंडळी, अक्षरओळख होण्यापूर्वी आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कागदावर अंगठा उठवला असेल. तो अंगठा उठतो कसा, हे कधी निरखून पाहिलं का? अंगठ्यावर बारीक रेघा असतात. उंच रेघांना शाई लागते. तेवढीच कागदावर उमटते. मधल्या खाचा कोऱ्या राहतात.

छपाईचं सारं गमक एवढंच आहे. उंच ते उमटतं, खोल ते कोरं राहतं. तलाठ्याचा रबरी शिक्काही असाच असतो.

अंगठा उठवताना वर काय लिहिलं आहे, ते दुसऱ्यालाच ठाऊक असे. त्या पायी कित्येकांची जमीन गेली. आता आपण वाचतो, लिहितो. मग आपला शब्द आपणच कोरावा आणि शंभर कागदांवर उठवावा, हे का जमू नये? चकलांब्याच्या मंडळींसाठी आम्ही हा धडा म्हणूनच लिहीत आहोत.

जवसाच्या तेलाची लादी

ठसा कोरायला लिनोलियम नावाची लादी मिळते. नाव परकं आहे, पण वस्तू ओळखीची आहे. आपण ज्या जवसाची चटणी खातो, त्याच जवसाच्या तेलापासून ती होते. हे तेल हवेने घट्ट होतं. त्यात राळ आणि बुचाचा व लाकडाचा भुसा मिसळून ते तागाच्या कापडावर बसवतात. इंग्लंडातल्या फ्रेडरिक वॉल्टन यांनी 1860 च्या सुमारास ही वस्तू शोधून काढली. ती जमिनीवर अंथरण्यासाठी होती. पुढे चित्रकारांनी ती कोरायला घेतली. लाकडाला रेषा असते. आडवं कोरलं की कपची उडते. या लादीला रेषा नाही. सुरी कोणत्याही बाजूला वळते.

1930 साली गांधीजी मिठाच्या सत्याग्रहासाठी दांडीला चालत गेले. त्या वेळी नंदलाल बोस यांनी अशाच लादीवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरले. काळ्यावर पांढऱ्या रेघा, बस्स! बंगालचे चित्तप्रसाद 1946 साली मुंबईला आले. त्यांनी राबणारी मुलं, शेतकरी आणि मजूर असेच कोरले. लादी स्वस्त, आणि एका ठशातून पुष्कळ प्रती निघतात. गरिबाच्या घरी चित्र पोचवायचं, तर याहून सोपी वाट कोणती?

काय काय लागेल?

लादीचा तळहाताएवढा तुकडा घ्या. शहरात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात तो मिळतो. तिथेच कोरण्या, शाई आणि रबरी रूळही मिळतात. एक कोरणी निमुळत्या तोंडाची व एक गोल तोंडाची असली, तरी भागतं. शाई पसरायला काचेचा तुकडा घ्या. पातळ कागद आणि एक चमचा घ्या. लादी मिळाली नाही तर खोडरबरावर किंवा अर्ध्या कापलेल्या बटाट्यावर हात बसवा.

कृती

1. पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने मोठ्या अक्षरात ‘पाणी’ लिहा. अक्षरं जाड ठेवा.

2. कागद पालथा करून लादीवर ठेवा आणि पाठीमागून चमच्याने घासा. लादीवर शब्द उलटा उमटेल. घाबरू नका. ठशावर उलटं असेल, तरच कागदावर सुलटं येतं. तलाठ्याच्या शिक्क्यावरची अक्षरंही उलटीच असतात.

3. लादी कडक वाटली तर थोडा वेळ उन्हात ठेवा. ती मऊ होते.

4. आता अक्षरं तशीच ठेवून भोवतालचा भाग कोरून काढा. निमुळत्या कोरणीने कडा कोरा, गोल कोरणीने मोकळी जागा कोरा. फार खोल जायचं नाही. सावकाश कोरा. एकदा कापलं ते परत चिकटत नाही.

5. काचेवर थोडी शाई घेऊन रूळ फिरवा. मग तो रूळ ठशावर फिरवा. शाईचा थर पातळ हवा. जास्त झाली तर खाचा भरतात.

6. ठशावर कागद ठेवा. चमच्याच्या पाठीने सगळीकडे सारखं घासा. एक कोपरा उचलून कागद हळूच काढा.

शाई तेलाची असेल, तर ठसा गोडेतेलाच्या फडक्याने पुसा. नंतर हात साबणाने धुवा.

सांभाळा!

दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवा, पुढे कधीच नको. कोरणी घसरली की सरळ बोटात जाते. पाटाच्या कडेला पट्टी ठोकून तिला लादी टेकवली, म्हणजे ती सरकत नाही. लहान मुलांच्या हाती कोरणी देऊ नका.

आणखी एक गोष्ट. सरकारी शिक्का कोरू नका. खोटा शिक्का करणं हा गुन्हा आहे.

उपयोग काय?

बचत गटाच्या बायांना चटणी-पापडाच्या कागदी पिशवीवर गटाचं नाव उठवता येईल. ‘पाणी झाकून ठेवा’ हे घरोघर लावता येईल. ग्रामसभेची खबर वाडीवस्तीवर पोचवता येईल. ठसा एकदा कोरला, की कागद कितीही घ्या. मात्र छापण्याआधी शब्द दोनदा वाचा. चूक राहिली, तर तीही शंभर ठिकाणी जाईल.

अंगठा आपली ओळख सांगतो, पण आपलं म्हणणं सांगत नाही. ते शब्दच सांगतो.

प्रश्न

1. ठशावर अक्षरं उलटी का कोरतात?
2. लिनोलियम कोणत्या तेलापासून होतं?
3. कोरताना दुसरा हात कुठे ठेवावा?

करून पाहा

खोडरबरावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरा. ते वहीत दहा वेळा उठवा आणि शेजाऱ्याला वाचायला द्या.